परदेशात राहून सेंद्रिय मळ्यावर स्वयंसेवा : एकच मळा, एकच वार, पूर्ण हंगाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : जोडीदाराच्या नोकरीमुळे तुम्ही परदेशात राहायला आला आहात, आठवड्यातले काही दिवस मोकळे मिळतात, शेतीचा अनुभव नाही पण ओढ आहे, अशा स्थितीत जवळच्या सेंद्रिय भाजीपाल्याच्या मळ्यावर स्वयंसेवक म्हणून जाता येईल का, मळा कसा निवडावा, काम अंगाला झेपेल का आणि त्यातून खरोखर शेती शिकता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझीही सुरुवात अशीच झाली. पहिली तीन वर्षे मी स्वयंसेवक होते आणि त्यानंतर गेली अकरा वर्षे मळ्यावर येणाऱ्या स्वयंसेवकांना काम लावून देणे आणि शिकवणे हेच माझे काम आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

जरूर जा. मात्र दर महिन्याला नवा मळा पाहत हिंडण्यापेक्षा एकच मळा निवडा, आठवड्यातला एकच वार ठरवा आणि त्या वारी पहिल्या पेरणीपासून शेवटच्या काढणीपर्यंत पूर्ण हंगाम जा. भाजीपाल्याचे पीक आठवड्याच्या अंतराने पाहिले तरच कळू लागते. मंगळवारी तुम्ही लावलेले कोबीचे रोप पुढच्या मंगळवारी मान टाकून बसले आहे की नव्या पानावर आले आहे, हे स्वतः पाहिल्याशिवाय लावताना मुळाभोवतीची माती का दाबायची असते ते समजत नाही. पंधरा दिवसांसाठी आलेला पाहुणा कितीही मेहनती असला तरी त्याने केलेल्या कामाचे फळ किंवा चूक त्याच्या नजरेस पडत नाही, आणि म्हणून त्याचे शिक्षण अर्धवट राहते. मळेवाल्याच्या दृष्टीनेही हेच खरे आहे. दर मंगळवारी सकाळी सात वाजता नक्की हजर होणाऱ्या माणसावर तो त्या दिवसाचे काम आखू शकतो. कधीतरी येणाऱ्या दहा जणांवर आखू शकत नाही.

मळ्याला पत्र लिहिण्याआधी व्हिसाच्या अटी वाचा. ‘पगार घेत नाही, म्हणजे काम करत नाही’ या समजुतीमुळे अनेक जण अडचणीत येतात. कित्येक देशांत मोबदला म्हणजे केवळ पैसे नव्हेत. राहण्याची खोली आणि जेवण हाही मोबदलाच धरला जातो. न्यूझीलंडच्या २००९ च्या इमिग्रेशन कायद्यात लाभासाठी किंवा मोबदल्यासाठी केलेली कृती म्हणजे काम, अशी व्याख्या आहे. त्यामुळे राहण्या-जेवणाच्या बदल्यात मळ्यावर राबणारा पर्यटक तिथे काम करणारा ठरतो. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, परंतु नफ्यासाठी चालणारा मळा त्यात बसत नाही. तिथे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक बारकावा आहे : बंधन नसलेली स्वयंसेवा वेगळी आणि ठरलेल्या वेळा, ठरलेली जबाबदारी असलेले विनावेतन काम वेगळे मानले जाते, आणि हे दुसरे काम आठवड्याच्या कामाच्या तासांच्या मर्यादेत मोजले जाते. अमेरिकेत व्हिसाच्या जोडीने कामगार कायदाही आड येतो, कारण नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी व्यवसायात विनावेतन ‘स्वयंसेवक’ ही कल्पनाच तिथला केंद्रीय वेतन कायदा मान्य करत नाही. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसा (तरुणांना प्रवासासोबत काम करू देणारा व्हिसा) दुसऱ्या वर्षासाठी मिळवण्याकरिता लागणाऱ्या ८८ दिवसांच्या कामाच्या हिशेबात पूर्वी मळ्यावरची विनावेतन स्वयंसेवाही धरत असत. २०१५ पासून ती सवलत बंद झाली आणि पगारी कामच धरले जाऊ लागले.

हे नियम बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तुमच्या व्हिसाच्या नेमक्या प्रकारापुढे काय लिहिले आहे ते वाचा आणि शंका राहिली तर लेखी विचारा. मळेवाल्याने ‘आमच्याकडे सगळेच असे येतात’ असे सांगितले म्हणून विसंबून राहू नका. नोंद तुमच्या पासपोर्टवर होणार आहे, त्याच्या नव्हे. तुम्ही जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असल्याने यात दोघांचाही मुक्काम गुंतलेला आहे. कामाची परवानगी नसेल, तर ना-नफा संस्थेने चालवलेला मळा, शाळेची परसबाग किंवा अन्नदान करणाऱ्या संस्थेसाठी भाजी पिकवणारा सामुदायिक मळा बहुधा अधिक सुरक्षित असतो. तिथेही राहणे-जेवण न स्वीकारता काही तास काम करून घरी परतणे, हाच माझा सल्ला राहील.

राहून काम करण्याची जी पद्धत जगभर प्रसिद्ध झाली, तिचा आरंभ १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या एका कार्यालयात सचिव असलेल्या सू कॉपर्ड यांना शहराबाहेर शेतावर जाण्याची इच्छा होती. त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार काम करण्याची व्यवस्था केली आणि त्यातून ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली. मूळ नावातच ‘वीकेंड’ हा शब्द होता. पुढे नावात ‘वर्कर्स’ आले, आणि परदेशी मजूर आणण्याची ही वाट आहे असा गैरसमज होऊ लागल्यावर ते नाव पुन्हा बदलून आजचे ‘वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज ऑन ऑरगॅनिक फार्म्स’ झाले. नावाला बदलावे लागले, यावरूनच व्हिसाचा प्रश्न किती जुना आहे ते दिसते. या व्यवस्थेत साधारणपणे दिवसाला चार ते सहा तास काम आणि बदल्यात जेवण व निवारा असा व्यवहार असतो, आणि देशोदेशीच्या संघटना वेगवेगळ्या असल्याने सभासदत्वही बहुधा त्या त्या देशापुरते घ्यावे लागते. तुम्हाला राहायला घर आहे, त्यामुळे या व्यवस्थेची यादी तुम्हाला जवळचे मळे शोधण्यापुरती उपयोगी पडेल.

तुमच्यासाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे हंगामाच्या आरंभी वर्गणी घेऊन दर आठवड्याला सभासदांना भाजीची पेटी देणारे मळे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहक आणि शेतकरी यांनी ‘तेइकेइ’ नावाने अशी थेट भागीदारी उभी केली, आणि अमेरिकेत १९८६ मध्ये असे पहिले मळे सुरू झाले. या मळ्यांवर पेट्या भरण्याचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या दिवशी काढणीसाठी, हात कमी पडतातच. म्हणून पत्रात ‘मी काहीही मदत करायला तयार आहे’ असे मोघम लिहू नका. तुम्ही कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या महिन्यापर्यंत येऊ शकता, व्हिसा कोणता आहे, मळ्यापर्यंत कसे पोचणार आहात आणि पाठीचे किंवा गुडघ्याचे काही दुखणे आहे का, एवढे स्पष्ट लिहा. लागवडीच्या ऐन धांदलीत आलेल्या पत्रांना उत्तरे मिळत नाहीत. हिवाळ्याच्या शेवटी, बियाणे आलेले असते पण जमीन अजून वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलाव्यावर, आलेली नसते, तेव्हा लिहिलेले पत्र नीट वाचले जाते.

होकार देण्याआधी एकदा मळा पाहून या. मी कंपोस्टच्या ढिगाजवळ जाते आणि त्याबद्दल विचारते. ज्याला आपल्या ढिगात काय घातले, तो किती तापला आणि कधी उलथला हे सांगता येते, तो माणूस मातीकडे लक्ष देणारा असतो आणि बहुधा शिकवणाराही असतो. ‘सेंद्रिय’ म्हणजे नेमके काय, हेही विचारा. प्रमाणपत्र असेल तर जमिनीला संक्रमणकाळ पूर्ण करावा लागतो : युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे, तर अमेरिकेत काढणीपूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर निषिद्ध निविष्ठा (बंदी असलेली खते-औषधे) पडलेल्या चालत नाहीत. काही लहान मळे प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही म्हणून ते घेत नाहीत आणि तरीही पद्धत कसोशीने पाळतात; त्यात गैर काही नाही, फक्त प्रश्नाचे उत्तर सरळ मिळायला हवे.

तसेच, काम कोण शिकवणार आणि अपघात झाल्यास विमा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पहिल्या वर्षी मी एका मळ्यावर राहून काम करायला गेले, तेव्हा रोज पाच तास ठरले होते. दुसऱ्या आठवड्यापासून नऊ तास होऊ लागले आणि महिनाभर मी केवळ पेट्या धुतल्या. मी बोलले नाही, कारण जेवणखाण त्यांच्याकडे होते आणि जायला दुसरी जागा नव्हती. आज मी प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी तास, विश्रांती आणि कामाचे स्वरूप एका कागदावर लिहून देते. तुम्हाला कोणी असा कागद दिला नाही तर तुम्हीच दोन ओळींचे पत्र लिहून ठरलेल्या गोष्टींना दुजोरा मागा.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. नव्या माणसाच्या वाट्याला सर्वात जास्त येते ती निंदणी. रासायनिक तणनाशक वापरायचे नसल्याने सेंद्रिय मळ्यावर तण हाच सर्वात मोठा खर्च असतो, आणि तो खर्च वेळेच्या रूपात होतो. यातले मर्म एवढेच की तण दिसण्याआधी मारायचे. कोरड्या सकाळी मातीचा वरचा थर बोटांनी हलकेच बाजूला केला, तर पांढऱ्या धाग्यासारखे कोंब दिसतात. वर अजून हिरवे काहीच आलेले नसते. त्या वेळी लांब दांड्याचे कोळपे बोटभर खोलीपेक्षाही कमी, नुसते मातीची साय काढल्यासारखे ओढत नेले की ते धागे उघडे पडतात आणि दुपारच्या उन्हात वाळून जातात. पूर्ण वाफा वीस मिनिटांत होतो. तोच वाफा दहा दिवसांनी, तणांना चार पाने आल्यावर, हाताने निंदायला दोघांना अर्धा दिवस लागतो. कोळपे खोल घालू नका. खोल गेल्यास खाली निद्रिस्त पडलेले तणांचे बी वर येते आणि आपणच पुढची पेरणी करून ठेवतो.

गाजराचा वाफा ही नव्या माणसाची खरी शाळा आहे, असे मी मानते. गाजराचे बी उगवायला दोन ते तीन आठवडे घेते आणि तेवढ्या अवधीत तण पुढे निघून जाते. म्हणून जाणते मळेवाले वाफा आधीच तयार करून ओला ठेवतात, तण उगवू देतात, ते उथळ मारतात आणि मग पेरतात. काही जण पेरल्यानंतर गाजर वर येण्याच्या आदल्या दिवशी गॅसच्या ज्योतीने वाफ्यावरून एक हात फिरवतात. एवढे करूनही ओळीतले तण हाताने काढावेच लागते. गुडघ्याखाली गादी घेऊन तुम्ही ओळीवर वाकता तेव्हा आधी काही कळत नाही. सगळे हिरवे सारखेच दिसते. मग पहिली दोन लांबट, गवतासारखी पाने आणि त्यांच्या मधून आलेले पहिले चिरलेले, नक्षीदार पान ओळखू येते, आणि त्या क्षणापासून नजर गाजराला सोडत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाजराभोवतीची माती दाबून धरायची आणि उजव्या हाताने तण मुळासकट उपटायचे. माती न दाबता उपटलेत तर गाजराची सोटमुळी सैल होते. दाटी कमी करण्यासाठी उपटलेली गाजराची रोपे वाफ्यावर टाकून देऊ नका, कारण चुरडलेल्या पानांच्या वासाने गाजरमाशी येते.

काढणीच्या दिवशी घाई असते आणि तिला कारण आहे. पालेभाजी पहाटे, तिच्या अंगात रात्रीचा गारवा असताना काढली तर टिकते. उन्हे चढल्यावर कापलेले लेट्यूस अर्ध्या तासात मान टाकते. काढलेला पाला लगेच सावलीत, तिथून थंड पाण्यात आणि मग शीतखोलीत जातो. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीतील बेसिल मात्र तिथे ठेवायचे नसतात, कारण साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोची चव जाते आणि बेसिलची पाने काळी पडतात. जुडी किती मोठी, पान कितपत डागाळलेले चालेल, मूळ किती ठेवायचे, हे पहिली जुडी करून दाखवून विचारा आणि मगच पुढच्या पन्नास करा. वेग पहिल्या महिन्यात येत नाही. अनुभवी हात तुमच्या तिप्पट काम करतील, आणि त्याबद्दल चांगला मळेवाला काही बोलत नाही. एकसारख्या न झालेल्या जुड्या मात्र त्याला पुन्हा सोडून बांधाव्या लागतात.

अंगाला झेपेल का, याचे उत्तर बहुतेकांसाठी होकारार्थी आहे, पण सुरुवातीला चार तासांहून अधिक काम घेऊ नका. पाठ दुखते ती ओझ्याने कमी आणि एकाच स्थितीत वाकून राहिल्याने जास्त. म्हणून दर अर्ध्या तासाने एक गुडघा टेकून, मग बसून, मग उभ्याने असे काम बदला. धनुर्वाताच्या लशीची मात्रा गेल्या दहा वर्षांत घेतली नसेल तर आधी घ्या. गवताळ कडेला काम केल्यावर संध्याकाळी काखेत, गुडघ्यामागे, केसांत गोचीड तपासा. अनेक थंड प्रदेशांत तिच्यापासून लाइम रोग होतो आणि ती लवकर काढली तर धोका बराच कमी राहतो. पार्सनिप या गाजरासारख्या कंदभाजीच्या पानांचा रस कातडीला लागून त्यावर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा त्या वाफ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असेही समजू नका. गंधक, तांबेयुक्त बुरशीनाशके, बीटी आणि स्पिनोसॅड (दोन्ही जिवाणूंपासून मिळणारी कीटकनाशके) ही परवानगी असलेली औषधे असतात, आणि फवारलेल्या वाफ्यात किती वेळाने शिरायचे हे विचारून घ्यावे लागते. पोट बिघडले असेल त्या दिवशी घरीच राहा. तुम्ही तोडलेला पाला कोणीतरी कच्चा खाणार आहे, आणि त्याच कारणाने अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी कच्चे शेणखत काढणीच्या १२० दिवस आधीच घालून संपवावे लागते.

भाषेची फार चिंता करू नका. मळ्यावरची भाषा लहान असते आणि बरीचशी हातांनी दाखवता येते. फक्त न समजता मान हलवू नका. ‘पुन्हा एकदा दाखवा’ हे वाक्य त्या देशाच्या भाषेत सर्वात आधी पाठ करा. परक्या देशात एकाकी वाटणाऱ्या माणसाला वाफ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून केलेल्या निंदणीतून जी ओळख होते, ती मला तरी दुसरीकडे मिळाली नाही.

राहिला शिकण्याचा प्रश्न. एका हंगामात तुमच्या हाताला लागवड, निंदणी, काढणी आणि साठवण येईल, पण त्यावर मळा चालवता येणार नाही. मळा चालतो तो आराखड्यावर : कोणत्या आठवड्यात किती ट्रे पेरायचे, लेट्यूसची पेरणी दर किती दिवसांनी करायची, कोबीवर्गीय पीक कोणत्या वाफ्यात गेल्या तीन-चार वर्षांत आलेले नाही, कोणत्या पिकाने खर्च भरून काढला. हे काम हिवाळ्यात बंद खोलीत होते आणि तिथे स्वयंसेवकाला सहसा कोणी बोलावत नाही. म्हणून हंगामभर एक वही ठेवा. तारीख, वाफा, पीक, हवामान आणि केलेले काम एवढेच प्रत्येक खेपेला लिहा. शरद ऋतूत ती वही घेऊन मळेवाल्याकडे जा आणि त्याच्या आराखड्याशी ताडून पाहण्याची परवानगी मागा. वहीत आठ महिने नियमित नोंदी असलेल्या माणसाला माझ्या पाहण्यात अजून कोणी नकार दिलेला नाही.

तुम्ही हंगाम अर्ध्यावर असताना परदेशात पोचला असाल, तर पुढच्या वर्षाची वाट पाहत बसू नका. थंड प्रदेशात लसणाची लागवड शरद ऋतूत, जमीन गोठण्यापूर्वी होते. बाकीची कामे ओसरलेली असतात, मळेवाल्याला बोलायला सवड असते आणि पाकळ्या सुट्या करणे, टोक वर ठेवून मातीत दाबणे, वर पेंढ्याचे आच्छादन घालणे ही कामे पहिल्या दिवशीच जमण्यासारखी आहेत. हा लसूण पुढच्या उन्हाळ्यात निघतो. त्या दिवशी मदतीला येऊ का, एवढेच विचारणारे पत्र आजच लिहा, आणि पत्राच्या शेवटी तुमचा वार कळवा.